जुन्या मिनीव्हॅनचे इंजेक्टर: दोष पेट्रोलचा की हवेचा?

जुनी मिनीव्हॅन उभी असताना थरथरते, चढावर आचके देते आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा पेटतो. स्कॅनर लावला की बऱ्याचदा पी०१७१ हा कोड दिसतो, म्हणजे मिश्रणात हवेच्या मानानं पेट्रोल कमी. एवढ्यावरून इंजेक्टरचा, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या झडपांचा, अख्खा सेट बदलू नका, असं मी अगदी कळकळीनं सांगेन. या कोडचा अर्थ इंजेक्टर खराब झाला असा होत नाही.

१ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. आत येणाऱ्या हवेचा अंदाज घेऊन ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. आयडलिंगला हा वेळ काही मिलिसेकंदांचाच असतो. इंजेक्टर क्रमानं, दोन फेऱ्यांत एकेकदा चालवणाऱ्या इंजिनात ३००० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) प्रत्येक इंजेक्टर सेकंदाला २५ वेळा उघडतो. हिशेब जमला की नाही, ते एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर कळवतो. ऑक्सिजन जास्त उरला तर ईसीयू पेट्रोल वाढवतो, कमी उरला तर घटवतो. या दुरुस्तीची टक्केवारी म्हणजे फ्युएल ट्रिम. तो शून्याच्या आसपास हवा. सतत २०-२५ टक्के जादा पेट्रोल द्यावं लागलं की दिवा पेटतो.

सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल मोजत नाही. सगळी गोम इथेच आहे. प्लग किंवा कॉइल दगा देत असेल, तर त्या सिलिंडरमधली हवा आणि पेट्रोल दोन्ही न जळता बाहेर पडतं. सेन्सरला मात्र फक्त ऑक्सिजन दिसतो, आणि ईसीयू आणखी पेट्रोल ओततो. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टला चीर असली तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन हीच फसगत होते. म्हणून गाडी मिसिंग मारत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, तर आधी इग्निशन तपासावं.

मग ट्रिमवर नजर ठेवून रेस करावी. आयडलिंगला ट्रिम चढलेला आणि २५०० आरपीएमला उतरला, तर कुठूनतरी चोरून हवा शिरतेय. इंजिन जास्त हवा घेऊ लागलं की त्या गळतीचा वाटा नगण्य होतो. जुन्या गाडीत व्हॅक्यूम होजचं (इनटेकला जोडलेल्या बारीक नळ्यांचं) रबर कडक होऊन तडकतं, तिथे आधी बघावं. उलट चढावर ट्रिम वाढत गेला तर संशय फ्युएल पंप, फिल्टर किंवा आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरवर. पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज लावून गाडी लोडवर चालवली आणि प्रेशर टिकलं, तर पंप-फिल्टर निर्दोष सुटले.

पेट्रोलचं प्रेशर कायम राखणारा प्रेशर रेग्युलेटर इंजिनावरच असेल तर एक सोपी खूण आहे. त्याचा व्हॅक्यूम होज काढून बघावा. आत पेट्रोल ओलं लागलं किंवा नुसता वास जरी आला, तरी रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. ते पेट्रोल थेट इंजिनात जातं, म्हणून काळा धूर येतो आणि ॲव्हरेज पडतं. मात्र हे इंजिन थंड असताना करावं, आणि पेट्रोलची लाइन खोलायची असेल तर आधी प्रेशर सोडून द्यावं.

इंजेक्टरची पाळी यानंतर. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावली की टिकटिक स्पष्ट ऐकू येते. एखादा गप्प असेल तर त्याचा रेझिस्टन्स मोजावा. बहुतेकांत तो १२ ते १६ ओहम भरतो. आकडा बरोबर असूनही टिकटिक नसेल तर वायरिंग आणि कनेक्टर बघावेत. टिकटिक आहे, पण सिलिंडर मिसिंग मारतोच, तर तो इंजेक्टर शेजारच्याशी अदलाबदल करावा. मिसिंगचा कोड त्याच्यासोबत शेजारच्या सिलिंडरवर सरकला तर चोर सापडला.

आडव्या बसवलेल्या व्ही-६ मध्ये मागचे तीन इंजेक्टर इनटेकखाली दडलेले असतात, आणि ते खोलायचं म्हणजे मोठं काम. म्हणून दोन्ही बँकांचे (तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगांचे) ट्रिम वेगळे दिसत असतील तर आधी त्यांची तुलना करावी. दोन्हीकडे सारखाच चढलेला असेल, तर दोष बहुधा पंप, हवा मोजणारा सेन्सर अशा सामाईक जागी असतो, आणि मागचा पसारा उघडायची वेळ येत नाही.