चुंबकीय कण: धरून ठेवणारे आणि स्वतःच मोजले जाणारे

रक्तातील प्रथिने मोजण्याच्या दोन पद्धतींत चुंबकीय कण वापरले जातात, आणि त्यामुळे त्या एकच असल्याचा समज सहज होतो. एका पद्धतीत हे कण निव्वळ हमाल असतात. दुसरीत यंत्र वाचते ते त्यांचेच चुंबकत्व.

टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक) चाचणीसाठी अनेक प्रयोगशाळांत वापरली जाणारी रोश कंपनीची एलेक्सिस पद्धत पहिल्या प्रकारातली आहे. तीत टीएसएच प्रतिपिंडांच्या (ठरावीक रेणूलाच चिकटणाऱ्या प्रथिनांच्या) मदतीने सूक्ष्म कणांना जोडले जाते, इलेक्ट्रोडपाशी चुंबक ते कण धरून ठेवतो, न जोडलेला ऐवज धुऊन जातो आणि विद्युतदाब देताच प्रतिपिंडाला जोडलेल्या रुथेनियम धातूच्या खुणेतून प्रकाश निघतो. मोजला जातो तो हा प्रकाश. त्यासाठी प्रकाशमापक, द्रवे आणि पंप लागत असल्याने यंत्र प्रयोगशाळेतच राहते.

जीएमआर (जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने विद्युतरोधात होणारा मोठा बदल) संवेदकाची, म्हणजे दुसऱ्या पद्धतीची, गोष्ट वेगळी आहे. भौतिकशास्त्रज्ञ आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांनी 1988 मध्ये स्वतंत्रपणे शोधलेला, 2007 चे नोबेल मिळवून देणारा आणि हार्ड डिस्क वाचण्यासाठी वापरला गेलेला परिणाम येथे कामी येतो. दोन लोहचुंबकीय थरांमध्ये काही नॅनोमीटर जाडीचा अचुंबकीय थर असतो, आणि बाहेरील क्षेत्रामुळे एका थराची चुंबकीय दिशा वळली की विद्युतरोध बदलतो. चिपवरील प्रतिपिंडाने प्रथिन पकडले, त्यावर दुसऱ्या प्रतिपिंडामार्फत कण बसला आणि बाहेरून क्षेत्र लावले, की त्या कणाचे स्वतःचे क्षेत्र रोधात किंचित फरक पाडते. हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटत असल्याने द्रवात तरंगणारे कण जवळजवळ मोजलेच जात नाहीत, आणि धुण्याची पायरी काही रचनांत गाळता येते. शिवाय रक्त जवळपास अचुंबकीय असल्याने लाल झालेले किंवा काविळीने पिवळे पडलेले सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव), जे प्रकाशीय मोजणीत अडचण आणू शकते, येथे फारसे आड येत नाही. तापमान मात्र आड येते, कारण त्यानेही रोध बदलतो. म्हणून शेजारी प्रतिपिंड नसलेला संदर्भ-संवेदक ठेवावा लागतो.

तरीही यंत्र हातात मावते म्हणून ते चुंबकत्वच मोजत असेल, असे मानणे घाईचे ठरेल. फिलिप्स कंपनीने विकसित केलेल्या मॅग्नोटेक तंत्रात चुंबक कणांना पृष्ठभागाशी ओढतो आणि न चिकटलेल्यांना परत दूर नेतो, पण मोजणी होते ती परावर्तित प्रकाशात पडलेल्या घटीची. माझ्या मते सुटसुटीतपणाचे खरे श्रेय प्रकाश टाळण्यापेक्षा पंप आणि धुण्याची द्रवे टाळण्याला जाते.

एलेक्सिस आणि जीएमआर या दोन्ही पद्धतींना सारखाच बाधणारा दोष चुंबकात नसून रसायनात असतो. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांत, बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारे स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन या जोडीवर बेतलेल्या चाचणीत टीएसएच खोटे कमी दिसू शकते, आणि अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने 2017 मध्ये अशा चुकीच्या निकालांबाबत इशारा दिला होता. त्याच जोडीने कण बसवणाऱ्या जीएमआर चिपवर, विशेषतः नमुना धुतला जात नसेल तर, हाच धोका कायम राहतो.