कॉसमॉस २४९५

कॉसमॉस २४९५ हा रशियाचा लष्करी टेहळणी उपग्रह, ६ मे २०१४ ला प्लेसेत्स्क तळावरून सोयुझ-२.१ए रॉकेटने सोडलेला. नाव म्हणजे नुसता नंबर, १९६२ पासून तिकडे बहुतेक लष्करी उपग्रहांना कॉसमॉसच म्हणतात, नावावरून आत काय आहे ते कळायलाच नको. खरा प्रकार होता कोबाल्ट-एम, यांतार नावाच्या टेहळणी उपग्रहांच्या घराण्यातला, वजन साडेसहा टनांच्या वर.

गंमत अशी की हा फिल्मवर फोटो काढायचा. हो, रोलवर, आणि तेही २०१४ मध्ये! आपल्याकडे तोवर रोल धुवायला टाकणं लोक विसरूनही गेले होते, अमेरिकेने तर डिजिटल फोटो पाठवणारा केएच-११ १९७६ सालीच वर सोडला होता. इथे मात्र काम असं चालायचं की थोडी फिल्म भरली की ती एका छोट्या कॅप्सूलमध्ये घालून खाली सोडायची, अशा दोन कॅप्सूल, आणि उरलेला रोल शेवटी कॅमेऱ्यासकट मोठ्या भागातून पॅराशूटने उतरायचा. मग तो शोधा, लॅबमध्ये न्या, धुवा, आणि तोपर्यंत ज्या रणगाड्यांचा फोटो काढलाय ते कधीच दुसरीकडे गेलेले. नकाशे करायला किंवा तळ मोजायला ठीक, पण आज काय चाललंय ते बघायला अगदीच कुचकामी. बारीक दिसावं म्हणून कक्षा खालची ठेवतात, साधारण दोनशे-तीनशे किलोमीटर, पण तिथे विरळ का होईना हवा असतेच, ती उपग्रहाला खाली ओढते, म्हणून मधूनमधून इंजिन चालवायचं आणि इंधन किंवा फिल्म संपली की खेळ खलास. ह्याचा खेळ जेमतेम चार महिने चालला.

सप्टेंबरच्या सुरुवातीला तो परत फिरला आणि २ तारखेच्या रात्री अमेरिकेत कोलोरॅडो, वायोमिंगच्या आकाशात लोकांना जळत, तुटत जाणारे तुकडे दिसले, उल्केपेक्षा खूपच सावकाश सरकणारे. अमेरिकेच्या जाणकारांनी ते ह्याच उपग्रहाचे असल्याचं सांगितलं, रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने साफ नाही म्हटलं. हेरगिरीचा उपग्रह शत्रूच्याच डोक्यावर जळताना दिसला हे कोण कबूल करेल म्हणा!

कोबाल्ट-एम मालिकेतला शेवटचा, कॉसमॉस २५०५, ५ जून २०१५ ला उडाला.