शरदातली रानफुले: आधी उंची बघा, मग तारीख

वसंतात फुलोरा पायथ्याकडून वर चढतो. शरदात उलट, तो माथ्याकडून खाली उतरतो. दर १००० मीटरला हवा साधारण ६.५ अंश सेल्सियसने गार होत जाते, त्यामुळे समशीतोष्ण डोंगरांत वरच्या झाडांना हंगाम लवकर आटपावा लागतो. हंगाम नुकताच लागला असेल तर आडरस्त्याने थेट खिंड गाठा. उशीर झाला असेल तर पायथ्याचाच आडरस्ता धरा.

रात्र लांबू लागली की अ‍ॅस्टर (डेझीसारखी, बहुधा जांभळी रानफुले) आणि गोल्डनरॉड (पिवळ्या तुऱ्यांचे रानफूल) यांच्या अनेक जाती कळ्या धरतात. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला हा संबंध गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू व सोयाबीनवरच्या प्रयोगांतून मांडला.

आडरस्ताच का? रस्त्यामुळे जंगलाचे छत उघडते, ऊन जमिनीवर येते आणि चरात पाणी मुरते. मोठ्या रस्त्यांच्या कडेची झुडपे-गवत मात्र ऐन कळ्यांच्या वेळी कापले जाते. गाडी रुंद जागी लावून चालतच जा. गाडीतून फक्त पिवळे-जांभळे पट्टे दिसतात.

अ‍ॅस्टरचे एक फूल दहा पट भिंगाखाली धरा. ते एक फूल नसतेच. कडेची प्रत्येक ‘पाकळी’ म्हणजे एक किरण-पुष्पक, म्हणजे स्वतंत्र छोटे फूल, आणि मधल्या चकतीत इवल्या नळ्यांसारखी बिंब-पुष्पके दाटलेली असतात. ती बाहेरून आत उमलत जातात. बऱ्याच जातींत जुनी झालेली पुष्पके पिवळ्याची तांबूस-जांभळी होतात. म्हणून एकाच झाडावर दोन रंगांच्या चकत्या दिसल्या, तर त्या दोन जाती समजू नका.

जात ओळखताना हमखास फसगत होते, कारण फोटो फक्त समोरून काढलेला असतो. फुलामागची हिरवी छदे (छोटी पानासारखी आवरणे), खोडाच्या मध्यावरचे पान आणि बुडाचे पान, हे तिन्ही टिपा. शेजारी मोजपट्टी ठेवा.

जेन्शियन या निळ्या, घंटेसारख्या रानफुलासाठी उन्हाची दुपारच हवी. ढग आले की अनेक जाती मिटतात. काही जाती तर कायम मिटलेल्याच असतात, आणि त्यांची पाकळ्यांची मूठ उघडायला भुंग्यासारखी दणकट केसाळ बंबलमाशी लागते.

शरदातल्या शिंकांसाठी गोल्डनरॉडला मात्र उगाच दोष देतात. त्याचे पराग जड, चिकट, कीटकांनी वाहून न्यायचे. शिंका येतात त्या त्याच सुमारास फुलणाऱ्या, हिरवट, नजरेत न भरणाऱ्या रॅगवीड नावाच्या तणाच्या वाऱ्यावरच्या परागांनी.

फुले तोडू नका. थंडीभर जमिनीत दडून राहणाऱ्या बंबलमाशीच्या राण्या याच उशिराच्या मधावर अंगात चरबी साठवतात.