इंडोहायस : देवमाशाचा खुरांचा नातलग

देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे, हे आपण शाळेतच शिकतो. त्याचे पूर्वज जमिनीवरून पाण्यात उतरले, हेही पुष्कळांना ठाऊक असतं. पण जमिनीवर असताना ते कोणत्या घराण्यातले होते, हा प्रश्न शंभरहून अधिक वर्षं सुटत नव्हता. २००७ साली त्याला जे ठोस उत्तर मिळालं, ते जम्मूच्या राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटजवळच्या दगडांतून. प्राण्याचं नाव इंडोहायस. साधारण मांजराएवढा, सडपातळ पायांचा, खुरांचा, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा.

डार्विनने १८५९ मध्ये तोंड उघडं ठेवून पोहत किडे पकडणाऱ्या अस्वलाचं उदाहरण दिलं आणि अशा प्राण्यापासून देवमाशासारखं काही घडू शकेल, असं सुचवलं. त्यावर इतकी टीका झाली की पुढच्या आवृत्त्यांत त्याने तो मजकूर छाटला. १८८३ मध्ये विल्यम फ्लॉवर या इंग्रज शरीररचनातज्ज्ञाने देवमाशांचं मूळ खुरांच्या प्राण्यांत शोधायला हवं, असं मांडलं. दिशा बरोबर होती, पण हाती जीवाश्म नव्हते. १९६६ मध्ये अमेरिकन जीवशास्त्रज्ञ ली व्हॅन व्हेलन यांनी मेसोनिकिड या नामशेष मांसाहारी गटाकडे बोट दाखवलं, कारण त्यांचे त्रिकोणी दात सुरुवातीच्या देवमाशांच्या दातांशी जुळत होते. पुढची तीसेक वर्षं हेच मत चाललं.

दरम्यान जीवाश्म मिळू लागले, आणि तेही आपल्याच उपखंडात. सत्तरच्या दशकात अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा या भारतीय जीवाश्मतज्ज्ञांनी कच्छमधल्या प्राचीन देवमाशांचं वर्णन केलं. १९८१ मध्ये पाकिस्तानातून पाकिसीटस हा आद्य देवमासा आला, १९९४ मध्ये चार पायांवर चालू आणि पोहू शकणारा ॲम्ब्युलोसीटस. हा योगायोग नव्हे. भारतीय भूखंड आशियाला भिडत होता, मधला टेथिस समुद्र आक्रसत होता, आणि त्याच्या उथळ किनाऱ्यांवर, नदीमुखांवर या प्राण्यांचे सांगाडे गाळात गाडले जात होते. त्यातला बराचसा गाळ आज हिमालयाच्या पायथ्याशी वर उचलला गेला आहे.

नव्वदच्या दशकात डीएनएच्या अभ्यासाने वेगळंच सांगितलं. देवमाशाचा आजचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा, म्हणजे गाय, हरीण, डुक्कर यांच्यासारखा समखुरी प्राणी. जीवाश्मतज्ज्ञांना हे पटेना. २००१ मध्ये पाकिस्तानातल्या प्राचीन देवमाशांच्या घोट्याची हाडं दोन स्वतंत्र संशोधकगटांनी प्रसिद्ध केली. समखुरी प्राण्यांच्या घोट्यातल्या एका हाडाला दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते. ती या हाडांत स्पष्ट होती. मेसोनिकिड मागे पडले. तरी अडचण उरलीच. पाणघोड्याच्या कुळाचे जीवाश्म फार तर दोनेक कोटी वर्षांपूर्वीपर्यंत जातात आणि देवमासे पाच कोटी वर्षांच्या आसपासचे. मग त्या काळी जमिनीवर त्यांचा भाऊबंद कोण होता?

त्या भाऊबंदाचे अवशेष तोवर खणून काढलेले होते, त्याला नावही मिळालेलं होतं. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी १९७१ मध्येच कालाकोटच्या जीवाश्मांवर लेख लिहून ‘इंडोहायस’ ही प्रजाती जाहीर केली होती. त्यांच्या हाती होते मुख्यतः जबड्यांचे तुकडे आणि दात. एवढ्यावरून तो एक छोटा समखुरी प्राणी ठरला, पुढे ज्या कुळात गेला त्या कुळालाही रावांचंच नाव मिळालं – राओएलिडी. पण त्यांनी गोळा केलेले पुष्कळ दगड न फोडताच राहिले. हाडं कठीण खडकात घट्ट रुतलेली, ती मोकळी करणं अतिशय कष्टाचं काम. रावांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी, स्वतः जीवाश्मतज्ज्ञ असलेल्या फ्रीडलिंडे ओबरगफेल यांनी ते दगड जपले आणि अखेर अमेरिकेतले संशोधक हान्स थेविसन यांच्याकडे सोपवले. या गोष्टीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच जपणं. ते दगड कोणी टाकून दिले असते, तर कोणाला खबरही लागली नसती.

थेविसन यांच्या प्रयोगशाळेत एक कवटी साफ करताना तंत्रज्ञाच्या हातून चुकून तुटली. कानाच्या भागाचं हाड उघडं पडलं आणि त्याची आतली कड विलक्षण जाड दिसली. इन्व्होल्युक्रम म्हणून ओळखली जाणारी ही जाडी तोवर फक्त देवमासे आणि डॉल्फिन यांच्याच कानात माहीत होती. मग बाकीच्या हाडांची कसून तपासणी झाली. पायांच्या हाडांच्या भिंती जाड होत्या, आतली पोकळी लहान. पाणघोड्यासारख्या, पाण्यात तळाशी वावरणाऱ्या प्राण्यांत असं वजन उपयोगी पडतं. दातांमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाणही पाण्यात बराच वेळ काढणाऱ्या प्राण्याशी जुळलं. डिसेंबर २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये हे सारं प्रसिद्ध झालं. लेखकांत रुडकी आयआयटीचे सुनील बाजपेयी आणि डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेचे बी. एन. तिवारी हेही होते.

यातून एक जुनी समजूतही हलली. देवमाशांचे पूर्वज मासे खाण्यासाठी पाण्यात उतरले, असं मानलं जाई. इंडोहायसचे दात मात्र मासे पकडणाऱ्याचे नाहीत. थेविसन यांचा तर्क असा, की तो आधी जीव वाचवण्यासाठी पाण्यात शिरत असावा आणि आहार पुढच्या पिढ्यांत बदलला असावा. आफ्रिकेतलं पाणपिसोरी हे हरणासारखं छोटं खुरांचं जनावर आजही धोका दिसला की पाण्यात बुडी मारून लपतं. आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरीचंच ते लांबचं भावंड.

वाद तिथे संपला नाही. पहिल्या मांडणीत पाणघोडा देवमाशांपासून बराच दूर ठेवला होता, त्याला २००९ मध्ये इतर संशोधकांनी आक्षेप घेतला. आता सर्वसाधारणपणे दोन्ही गोष्टी एकत्र मानल्या जातात : जिवंत प्राण्यांत पाणघोडा सर्वांत जवळचा, नामशेष प्राण्यांत इंडोहायस आणि त्याचं कुळ. राजौरी जिल्ह्यातल्या त्याच थरांतून २०२१ मध्ये या कुळातली आणखी आदिम अशी राजौरिया ही प्रजाती नोंदली गेली.