डिकीतली बॅटरी आणि पाच मीटर तांबं

माझदाच्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ चं बॉनेट उघडलं की आधी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. लहानसं १.६ लिटरचं इंजिन उभं, जरा मागे सरकवून बसवलेलं. आजूबाजूला रेडिएटर, पाइप, वायरी सगळं जागच्या जागी. बॅटरी मात्र कुठेच नाही. ती असते गाडीच्या दुसऱ्या टोकाला, डिकीच्या उजव्या कोपऱ्यात. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही दोन आसनी गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हाही ती तिथेच होती.

माझदा या जपानी कंपनीच्या हिरोशिमातल्या अभियंत्यांनी या गाडीसाठी 'जिंबा इत्ताई' हे सूत्र धरलं होतं: घोडा आणि स्वार एकजीव. त्यासाठी बॉनेट ॲल्युमिनियमचं केलं, इंजिन मागे घेतलं, आणि बॅटरी थेट डिकीत पाठवली. माणसं बसल्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ सारखं वजन यावं, हा हेतू. हा विचार नवा नव्हता. १९५९ च्या मूळ मिनीत प्राथमिक चाचण्यांनंतर बॅटरी इंजिनाशेजारून उचलून डिकीत नेली होती, कारण ब्रेक दाबला की हलकी मागची चाकं जाम होत होती. बीएमडब्ल्यूने तर साध्या घरगुती सेडानमध्येही वर्षानुवर्षं बॅटरी मागे ठेवली.

आता हौशी मंडळी जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये हाच बदल घरी किंवा ओळखीच्या गॅरेजमध्ये करून घेतात. त्यात पहिला प्रश्न येतो तो असा: हजार किलोच्या गाडीत सोळा किलोच्या बॅटरीने असा काय फरक पडणार?

ज्याने बैलगाडीत माल भरलेला पाहिला आहे त्याला उत्तर निम्मं ठाऊक असतं. तेवढीच पोती, पण मागे सरकवून लावली तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढे लावली तर धुरजड होते, बैलांच्या मानेवर भार येतो. वजन किती याच्याइतकंच ते आसापासून किती लांब आहे हेही महत्त्वाचं. मोटारीला आस दोन, एवढाच फरक.

हिशेब करून पाहू. गाडी १००० किलोची, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.४ मीटर. पुढच्या चाकांवर ५४० किलो, मागच्यांवर ४६०. बॅटरी १६ किलोची, आणि ती पुढच्या आसाच्याही ३० सेंटिमीटर पुढे, अगदी नाकाशी बसवलेली. ती तिथून काढून मागच्या आसाच्या ३० सेंटिमीटर मागे ठेवली, म्हणजे एकूण ३ मीटर सरकवली. पुढच्या चाकांवरचं वजन किती कमी होईल? १६ गुणिले ३ भागिले २.४, म्हणजे २० किलो. बॅटरी सोळाची, फरक विसाचा! नाकाशी असताना ती पुढच्या आसावर १८ किलोंनी दाबत होती आणि तरफेसारखी मागची बाजू दोन किलोंनी उचलत होती. मागे गेल्यावर हेच उलटं झालं: मागे १८ चा दाब, पुढे दोन किलोंची उचल. गाडीचं एकूण वजन तेवढंच राहिलं आणि ५४:४६ चा तोल ५२:४८ झाला. गाडीतला एकही ग्रॅम न घटवता हे साधलं. मला या बदलाचं सगळ्यात मोठं आकर्षण हेच वाटतं.

मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाडीत याचा दुहेरी फायदा होतो. टायरची पकड त्याच्यावरच्या भारावर अवलंबून असते, त्यामुळे सुटताना चाकं जागच्या जागी कमी फिरतात. सरळ रेषेत शर्यत लावणारे अमेरिकी लोक म्हणूनच बॅटरी डिकीच्या नेमक्या उजव्या कोपऱ्यात बसवतात. त्यांच्या गाड्यांत मागे अखंड आस असतो. जोर लागला की फिरणाऱ्या शाफ्टच्या पिळाने त्याचं उजवं चाक हलकं होतं, शिवाय चालक बसतो डावीकडे. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत मात्र हा बदल करण्याआधी दहादा विचार करावा, कारण जिथे पकड हवी तिथलाच भार त्यात कमी होतो.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तोल सुधारला म्हणजे गाडी वळायला चपळ झालीच असं नाही. गाडी वळते तेव्हा ती स्वतःच्या मध्याभोवती फिरत असते, आणि मध्यापासून लांब असलेलं प्रत्येक वजन त्या फिरण्याला विरोध करतं. हा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. आपल्या उदाहरणात नाकाशी असलेल्या बॅटरीचा त्यातला वाटा सुमारे ३१ किलोग्रॅम-वर्ग मीटर होता, शेपटाशी गेल्यावर तो सुमारे ३८ होतो. कमी होण्याऐवजी वाढलाच! तीच बॅटरी आसनाच्या मागे, मध्यापासून अर्ध्या मीटरवर ठेवली असती तर वाटा फक्त ४ राहिला असता. १९६८ पासूनच्या तिसऱ्या पिढीच्या कॉर्व्हेटमध्ये बॅटरी आसनांमागच्या कप्प्यातच असायची. माझं मत विचाराल तर जागा असेल तिथे आसनामागची जागा पहिली, डिकी दुसरी. डिकीतही जमेल तेवढी खाली आणि जमेल तेवढी आसाजवळ.

उष्णतेचा फायदा वेगळाच. शिसं-आम्लाच्या बॅटरीचं तापमान १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा ढोबळ नियम आहे. इंजिनाच्या कुशीतून बाहेर पडलेली बॅटरी म्हणूनच जास्त टिकते.

एवढं झालं वजनाचं. खरं काम पुढेच आहे, कारण बॅटरी मागे गेली तरी इंजिन सुरू करणारी मोटार, म्हणजे स्टार्टर, पुढेच राहतो. दोघांना जोडायला गाडीच्या पोटातून पाचेक मीटर केबल ओढावी लागते, आणि या कामातला सगळा जीव त्या केबलमध्ये आहे.

सेल्फ मारताना लहान पेट्रोल इंजिनाचा स्टार्टर सहज २०० अँपिअर खेचतो. २५ चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर तांब्याच्या केबलचा रोध असतो साडेतीन मिलिओहमच्या आसपास. ऐकायला नगण्य, पण २०० अँपिअरला तेवढ्यातच ०.७ व्होल्ट केबल खाऊन टाकते. १० चौरस मिलिमीटरची केबल वापरली तर १.७ व्होल्ट जातात. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब आधीच साडेदहा व्होल्टपर्यंत उतरलेला असतो. त्यातून पावणेदोन गेले की स्टार्टर कण्हायला लागतो, आणि इंजिनाचा संगणक असला तर तोही गोंधळतो. अशा वेळी लोक 'बॅटरी उतरली' म्हणून नवी आणतात आणि दोष असतो बारीक केबलमध्ये. ५० चौरस मिलिमीटरची घेतली तर नुकसान ०.३५ व्होल्टवर येतं. त्यासाठी सव्वादोन किलो तांबं मात्र गाडीत वाढतं. परतीची वाट गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून जाते, म्हणून अर्थिंगच्या जागी रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी, घट्ट आवळायला हवा. रंगावर आवळलेला बोल्ट दिसायला पक्का दिसतो, पण वीज पुरेशी जाऊ देत नाही.

मागच्या पावसाळ्यात एका परिचिताच्या जुन्या गाडीचं हे काम दुसऱ्या कुणी केलेलं मला जवळून बघायला मिळालं. मागचं आसन काढलं, टॉर्च मारला. डिकी आणि आसनामधल्या पत्र्याला भोक पाडून केबल आत घेतली होती, भोकाला रबरी ग्रोमेट नव्हतं. गाडीच्या थरथरीने पत्र्याच्या कडेने केबलचं लाल आवरण अर्ध्यापर्यंत कापलं होतं, नखाएवढ्या फटीतून तांबं चमकत होतं. बॅटरीपाशी फ्यूजही नव्हता. आसनाच्या फोमपासून ती जागा चार बोटांवर होती.

ते तांबं पत्र्याला टेकलं असतं तर? चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध पाच मिलिओहमच्या आसपास असतो. बॅटरी आणि अडीच मीटर केबल मिळून दीड-दोन हजार अँपिअर वाहिले असते. त्या केबलमध्ये सहा किलोवॉटच्या घरात उष्णता तयार होते, म्हणजे आपल्या बाथरूममधल्या दोन-तीन गिझरची. अर्ध्या किलो तांब्याचं तापमान तेवढ्याने सेकंदाला २५-३० अंशांनी चढतं. चार-पाच सेकंदांत आवरण वितळायला लागतं. माणूस बॉनेट उघडून डोकावेपर्यंत मागे आसन पेटलेलं असतं.

म्हणून मोठा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच हवा. केबलच्या पुढच्या टोकाला लावलेला फ्यूज मधल्या पाच मीटरांचं काहीच रक्षण करत नाही. बीएमडब्ल्यूने तर एक फार विचारपूर्वक उपाय केला: बॅटरीच्या टर्मिनलमध्येच छोटा स्फोटक ठेवला. अपघातात एअरबॅगचा संगणक तो उडवतो आणि स्टार्टरकडे जाणारी केबल तुटते. दिवे आणि दरवाज्यांची कुलुपं मात्र चालू राहतात, म्हणजे आतल्या माणसांना बाहेर पडता येतं.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. बॅटरी पूर्ण भरल्यावरही चार्जिंग चालू राहिलं तर आतल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. सहा सेलच्या बॅटरीत अशा प्रत्येक जादा अँपिअर-तासामागे सुमारे अडीच लिटर. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. सव्वाशे लिटरच्या लहान, बंद डिकीत ४ टक्के म्हणजे अवघे पाच लिटर! बॉनेटखाली वारा खेळतो, डिकीत तो खेळत नाही. एमएक्स-५ मध्ये कंपनीने मुळातच आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषून धरणारी सीलबंद बॅटरी बसवली, आणि तरीही तिला गाडीबाहेर जाणाऱ्या नळ्या जोडल्या. बदलताना साधी डिस्टिल्ड वॉटरवाली बॅटरी तिथे कोंबून नळ्या लोंबत्या सोडणं हा जिवाशी खेळ आहे.

शर्यतीच्या गाड्यांवर बाहेरून निळ्या त्रिकोणात लाल विजेचं चिन्ह दिसतं. वीज तोडायचा मुख्य स्विच तिथे असतो, मदतीला धावलेल्या माणसाला तो शोधावा लागू नये म्हणून. हौशी कामात तो स्विच फक्त बॅटरीच्या तारेवर बसवला जातो आणि मग स्विच बंद केला तरी इंजिन चालूच राहतं. अल्टरनेटर स्वतः वीज बनवत असतो, त्याला बॅटरीची गरज उरलेली नसते. इंजिनाचं इग्निशनही त्याच स्विचने तुटेल अशी जोडणी करावी लागते, आणि काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून एकदा स्विच फिरवून बघावं लागतं.

काम नीट झालं की नाही हे कळायला साधा मल्टिमीटर पुरतो. एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलला, दुसरं लांब तारेने पुढे स्टार्टरच्या बोल्टला. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने आकडा वाचायचा. मग तसंच ऋण टर्मिनल आणि इंजिनाच्या धातूमध्ये. दोन्हीकडे अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर आसन परत बसवायला हरकत नाही.