अल्मादेन: हिंगुळाच्या शिरेवर वसलेले गाव

माद्रिदच्या नैर्ऋत्येला, सिउदाद रेआल प्रांताच्या एका कडेला, सिएरा मोरेना डोंगररांगेच्या उत्तरेस अल्मादेन हे जेमतेम 5,000 वस्तीचे गाव आहे. अरबी भाषेत ‘अल-मादिन’ म्हणजे खाण. तोच शब्द गावाचे नाव होऊन राहिला. माणसाने आजवर जमिनीतून जेवढा पारा काढला, त्याचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा या एकट्या गावाच्या पोटातून आलेला आहे.

पाऱ्याचे मुख्य खनिज म्हणजे हिंगूळ. पारा आणि गंधक यांचे लालभडक संयुग. सुमारे 43 कोटी वर्षांपूर्वी येथे समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या वाळूचा पुढे क्वार्ट्झाइट हा कठीण खडक झाला आणि समुद्रतळावरील ज्वालामुखींच्या हालचालींशी निगडित असलेला पारा हिंगुळाच्या रूपाने त्या वाळूत भरून राहिला. नंतरच्या काळात भूकवचाच्या रेट्याने हे थर दुमडले आणि जवळजवळ उभे झाले. त्यामुळे खाण पसरण्याऐवजी खोल खोल जात राहिली आणि अखेरीस सुमारे 700 मीटरपर्यंत पोहोचली. काही ठिकाणी तर खडकाच्या भेगांतून पाऱ्याचे चकचकीत थेंब आपसूक पाझरलेले दिसत.

रोमन लोकांना येथील हिंगूळ हवा होता तो रंगासाठी. तो खाणीवर शुद्ध करण्यास मनाई होती. कच्चा माल मोहोरबंद करून रोमला पाठवला जाई, असे रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवले आहे. पण अल्मादेनचे भाग्य खऱ्या अर्थाने पालटले ते समुद्रापलीकडे, मेक्सिकोत. 1550च्या दशकात बार्तोलोमे दे मेदिना याने पाचुका येथे चांदी काढण्याची नवी रीत रूढ केली. दळलेल्या खनिजात मीठ, पाणी, तांब्याचे क्षार आणि पारा मिसळून तो लगदा अंगणात पसरून तुडवला जाई. काही आठवड्यांत चांदी पाऱ्यात उतरे आणि तो गोळा तापवला की पारा उडून चांदी मागे राहत असे. यामुळे हलक्या प्रतीच्या खनिजातूनही चांदी मिळू लागली. मात्र प्रत्येक खेपेला थोडा पारा वाया जाई, त्यामुळे नव्या पाऱ्याची मागणी कधीच थांबली नाही. मेंढीच्या कातड्याच्या पिशव्यांत बांधलेला पारा गाड्यांवरून सेव्हिलला जाई आणि तेथून जहाजाने मेक्सिकोला. स्पेनच्या राजांनी ही खाण 1645 पर्यंत फुगर या जर्मन सावकार घराण्याच्या हाती दिली होती, ती कर्जाच्या फेडीपोटी.

हिंगूळ हवेत तापवला की गंधक जळून वायुरूपाने निघून जाते आणि पाऱ्याची वाफ सुटते. ही वाफ पकडण्यासाठी 1646 पासून येथे बुस्तामान्ते भट्ट्या वापरात आल्या. दोन्ही तोंडे उघडी असलेली मातीची मडकी एकात एक अडकवून त्यांच्या लांब रांगा उतारावर मांडत. त्यांतून जाताना वाफ निवे आणि पारा खाली ओघळून जमा होई. अशा भट्ट्यांची एक जोडी आजही तेथे उभी आहे.

या पाऱ्याची किंमत माणसांनी शरीराने मोजली. वाफेने हातपाय थरथरू लागत, हिरड्या सुजत, दात पडत. पारा म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘आसोगे’. पाऱ्याची बाधा झालेला तो ‘आसोगादो’, आणि भीतीने कापणाऱ्या माणसाला ‘आसोगादोसारखा कापतो’ असे स्पॅनिश लोक म्हणतात. कामाला मजूर पुरेनात म्हणून 16व्या शतकापासून शिक्षा झालेले कैदी खाणीत उतरवले गेले. 1593 साली मातेओ आलेमान या अधिकाऱ्याने त्यांच्या जबान्या नोंदवून घेतल्या. खाणीतल्या हालअपेष्टा आपल्याला कळतात त्या बऱ्याच अंशी या कैद्यांच्याच तोंडून, आणि म्हणूनच मला तो दस्तऐवज फार मोलाचा वाटतो. 18व्या शतकात बांधलेल्या तुरुंगातून तर खाणीत थेट भुयार नेले होते. कैद्यांना कामावर जाण्यासाठी उजेडात येण्याची गरजच उरली नाही.

त्याच शतकात गावाने आजचे रूप घेतले. 1755 साली खाणीत लागलेली आग सुमारे अडीच वर्षे धुमसत होती. खाणकामगारांसाठी सान राफाएल रुग्णालय उभे राहिले. षट्कोनी आकाराचे बैलझुंजीचे मैदान बांधले गेले आणि त्याच्याच भिंतींत कुटुंबांसाठी घरे काढण्यात आली. 1777 साली खाणकाम शिकवणारी शाळाही सुरू झाली.

पाऱ्याचे विषारीपण जगाने गांभीर्याने घेतले तसा बाजार आटला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी खाणकाम थांबले, 2011 पासून युरोपीय संघाने पाऱ्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि 2012 साली स्लोव्हेनियातील इद्रिया या दुसऱ्या पाऱ्याच्या गावासह अल्मादेनला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. शतकानुशतके साचलेला खाणीच्या राडारोड्याचा ढिगारा आता झाकून मातीखाली बंद केला आहे. पाहुणे खाणीच्या लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाली उतरतात आणि कैद्यांच्या त्या भुयारातूनही चालत जातात.