‘ग्राफीन’ छापलेला डबा: एका नावाची पार्श्वभूमी

सांगली-मिरजेत किंवा साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास लायसन्स न लागणारी स्लो-स्पीड इलेक्ट्रिक स्कूटर बघायला गेलात, की दुकानदार बॅटरीबद्दल विचारतो, ‘लिथियम देऊ की ग्राफीन?’ ग्राफीनवाली स्वस्त असते. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर; एवढी वर्षं प्रयोगशाळेत चर्चेत असलेला हा पदार्थ लिथियमपेक्षा स्वस्त कसा, हा प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही. त्या बॅटरीच्या डब्यात शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिड असतं. ग्राफीन असलंच तर ऋण प्लेटच्या पेस्टमध्ये चिमूटभर.

योगायोग असा, की शिशाची बॅटरी आणि ग्राफीनचा पूर्वज, दोन्ही १८५९ चे. पहिली फ्रान्समध्ये बनली आणि ग्रॅफाइट ऑक्साइड इंग्लंडमध्ये. या ऑक्साइडची सोपी कृती १९५८ मध्ये आली: ग्रॅफाइट, तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, सोडियम नायट्रेट आणि थंडाव्यात थोडं थोडं घातलेलं पोटॅशियम परमँगनेट. तापमान ५५ अंशांवर गेलं तर तयार होणारं मँगनीज हेप्टॉक्साइड स्फोट करतं. ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढला की पातळ पापुद्रे उरतात, पण भोकं पडलेले. चिकटपट्टीने एका अणूच्या जाडीचा निखळ थर सोलला गेला तो २००४ मध्ये, मँचेस्टरला.

मग सुरू झालं कागदावरचं गणित. लिथियम सेलमध्ये लिथियम साठवतं ते ग्रॅफाइट; त्यात सहा कार्बनमागे एक लिथियम बसतो, म्हणजे ग्रॅममागे ३७२ मिलीअँपिअर-तास. सुट्या थराच्या दोन्ही बाजूंना लिथियम बसवला तर ७४४. ‘दुप्पट क्षमता’ हे वाक्य इथून निघालं आणि अजून फिरतंय. प्रत्यक्षात ग्रॅमभर ग्राफीनचं पृष्ठफळ २,६३० चौरस मीटर, आणि पहिल्याच चार्जिंगला त्या सगळ्यावर इलेक्ट्रोलाइटचा (सेलमधल्या द्रावाचा) साका बसतो. त्यात अडकलेला लिथियम परत येत नाही. पहिल्या फेरीतलं हे नुकसान बऱ्याचदा निम्म्याच्या घरात जातं. ग्रॅफाइट जवळजवळ स्थिर व्होल्टेज देतं, इथे ते घसरत जातं. पूड इतकी हलकी, की तेवढ्याच जागेत माल कमी मावतो. म्हणून लिथियम सेलमध्ये ग्राफीनला साठवणुकीचं काम मिळालं नाही, वीज वाहून नेण्याच्या हमालीचं मिळालं. ग्रॅफाइटच्या जागी सिलिकॉन वापरलं तर ते ग्रॅममागे सुमारे ३,५७९ मिलीअँपिअर-तास घेतं, पण फुगून जवळपास चौपट होतं आणि फुटतं. त्याचे तुकडे वीज वाहणाऱ्या जाळ्यात धरून ठेवायला हे पापुद्रे खरोखर उपयोगी आहेत. आशा असेल तर इथे आहे.

खरा गुंता नावाचा. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार ग्राफीन म्हणजे एकच थर. तीन ते दहा थरांना ‘मोजक्या थरांचं ग्राफीन’ म्हणायचं. त्यापुढे ते ग्रॅफाइटच, पेन्सिलीतलं. २०१८ मध्ये जगभरच्या ६० कंपन्यांचा माल तपासला गेला, तर बहुतेकांत ग्राफीन १० टक्क्यांच्या आत निघालं आणि निम्म्यावर कुणाचंच गेलं नाही. ‘मोजक्या थरांचं’ यातही ग्राफीन हा शब्द राहू देण्याचा निर्णय संशोधकांच्या सोयीचा होता. बाजाराने त्यातलं विशेषण तेवढं गाळलं.

शिशाच्या बॅटरीत कार्बन नवा नाही. ऋण प्लेटमध्ये काजळी पूर्वापार घालतात, साधारण ०.२ टक्के. ग्राफीन ही त्या काजळीचीच भावकी. काम मात्र खरं आहे: लेड सल्फेटचे स्फटिक बारीक राहतात आणि चार्जिंग लवकर घेतलं जातं. प्रमाण वाढलं की हायड्रोजन जास्त सुटतो, पाणी उडतं, आणि सीलबंद डब्यात ते भरता येत नाही. धन प्लेटची जाळी कुजते त्यावर याचा काहीच इलाज नाही. सांगलीच्या मे महिन्यात बॅटरी बसते ती बऱ्याचदा तिथूनच.

ओळखायचं असेल तर वजनकाटा पुरे. १२ व्होल्ट, ३२ अँपिअर-तासाचा डबा म्हणजे ३८४ वॉट-तास. तो नऊ-दहा किलो भरला तर किलोमागे ४० च्या आसपास, म्हणजे शिसं. लिथियमचा पॅक सहज १०० च्या पुढे जातो.

नावाने खरं नुकसान होतं ते सवयींमुळे. लिथियम अर्ध्या चार्जवर ठेवलेलं चालतं, उलट बरंच. ‘ग्राफीन म्हणजे लिथियमचाच भाऊ’ समजून शिशाची बॅटरी तशी आठवडाभर ठेवली की सल्फेट घट्ट बसतं. ६० व्होल्टच्या गाडीत असे पाच डबे एकामागे एक जोडलेले असतात. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या चढावर करंट वाढला की त्यातला कमजोर डबा आधी १०.५ व्होल्टच्या, म्हणजे त्याच्या किमान मर्यादेच्या, खाली जातो, बाकी चार तगडे असल्याने एकूण आकडा बराच दिसतो आणि कंट्रोलर गाडी थांबवत नाही. म्हणून मोजायचं ते चालू लोडवर, प्रत्येक डब्याचं वेगळं. एक बसला म्हणून त्या जागी कोरा डबा घातला, तर जुने चार त्यालाही वर्षाच्या आत आपल्या पंगतीला बसवतात.